विमानकंपनी चालते कशावर? कंपनीतल्या संस्कृतीचा वेळेशी, सुरक्षेशी आणि पैशाशी असलेला संबंध

उत्तरवारा

दोन विमानकंपन्या घ्या. दोघींकडे एकाच जातीची विमानं, इंधन त्याच टाकीतून, गेट शेजारीशेजारी, पायलटांचे परवाने एकाच नियमांखालचे. तरीही एक वर्षानुवर्षं नफ्यात असते आणि दुसरी दर काही वर्षांनी बँकांच्या दारात उभी राहते. या धंद्यात चूक पोटात घालायला जागा फार कमी. चांगल्या वर्षातही जगभराच्या सरासरीने दर प्रवाशामागे निव्वळ नफा सात-आठ डॉलर पडतो. एखादं उड्डाण रद्द झालं की अनेक उड्डाणांची कमाई त्यात जाते.

मग फरक पडतो कुठे? माझं म्हणणं असं की वेळ कमी आहे, माहिती अर्धवट आहे आणि साहेब जवळ नाहीत, अशा वेळी कर्मचाऱ्याला कोणता निर्णय घेणं सोपं वाटतं, ती त्या कंपनीची खरी संस्कृती. ती भाषणात सापडत नाही, रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागी, सापडते. म्हणून सुरुवात टर्नअराउंडपासून, म्हणजे विमान गेटला लागल्यापासून पुन्हा निघेपर्यंतच्या वेळेपासून करतो.

साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीने १९७१ मध्ये टेक्सासमध्ये उड्डाणं सुरू केली. १९७२ मध्ये पैशाच्या अडचणीमुळे चार बोइंग ७३७ विमानांपैकी एक विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच ठेवलं आणि ते तीन विमानांत बसवायचं ठरलं. त्यासाठी विमान गेटवर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबून चालणार नव्हतं. पुढे विमानं मोठी झाली, सुरक्षेचे नियम वाढले आणि दहा मिनिटं राहिली नाहीत, पण हिशोब तोच आहे. दिवसाला सात सेक्टर, म्हणजे सात उड्डाणं, करणाऱ्या विमानाचे मधले थांबे सहा. प्रत्येक थांब्यात १५ मिनिटं वाचली तर दीड तास हाती येतो, म्हणजे एक छोटं उड्डाण जास्तीचं. कंपनी विमानासाठी भरते ते भाडं विमान उडलं तरी तेवढंच, उभं राहिलं तरी तेवढंच.

आता १८० आसनांच्या विमानाचं गणित बघा. एका दारातून मिनिटाला साधारण २० प्रवासी उतरतात आणि १२ चढतात. म्हणजे एकाच दारातून उतरायला ९ आणि चढायला १५ मिनिटं. त्यात दार उघडणं-बंद करणं, केबिनची तपासणी आणि सफाई धरली की ३५-४० मिनिटं होतात. पुढचं-मागचं अशी दोन्ही दारं वापरली तर २५ मिनिटांत जमतं, पण त्याला अट एकच: कोणीही दुसऱ्याची वाट पाहत उभं राहता कामा नये. शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत केबिन क्रूने मागच्या रांगांतला कचरा उचललेला हवा, पट्टे जुळवलेले हवेत. तेल भरणं आणि बॅगा उतरवणं एकाच वेळी सुरू हवं. शेवटची ट्रॉली जोडली जात असताना लोडशीटचे (विमानातल्या वजनाच्या हिशोबाच्या कागदाचे) आकडे तयार हवेत. या यादीतलं एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते बारा वेगवेगळ्या खात्यांच्या माणसांनी एकमेकांकडे लक्ष ठेवून काम करणं.

कॉकपिट, हँगर (विमानदुरुस्तीची शेड) आणि पैसा या बाजूंनी जाणकारांनी भर घालावी.

---

लोडशीट

चांगला धागा. टर्नअराउंडमध्ये संस्कृती कुठे मोडते ते सांगतो: डिले कोडवर.

विमान उशिरा निघालं की उशिराला एक आकडी कोड लावावा लागतो. १५ म्हणजे बोर्डिंग, हरवलेला प्रवासी वगैरे. ३२ सामान चढवणं-उतरवणं, ३५ सफाई, ३६ तेल, ३७ केटरिंग, ४१ तांत्रिक बिघाड, ६३ क्रू उशिरा, ९३ म्हणजे विमानच मागच्या सेक्टरवरून उशिरा आलं. पद्धत जगभर चालते आणि उपयोगाचीही आहे. पण ज्या कंपनीत कोड लागला की त्या खात्याच्या प्रमुखाची खरडपट्टी निघते, तिथे काय होतं बघा. गेटवाला १५ टाळण्यासाठी दार दोन मिनिटं आधी बंद झाल्याचं लिहितो. लोडर म्हणतो तेलाची गाडी मध्ये उभी होती. तेलवाला म्हणतो आकडा कॉकपिटमधून उशिरा आला. विमान निघून गेल्यावर अर्धा तास फोनवर कोडची वाटाघाटी चालते, आणि त्या अर्ध्या तासात पुढचं विमान गेटला लागतं.

खरं नुकसान पुढचं आहे. उशिराचं कारण बहुतेक वेळा दोन खात्यांच्या मधल्या फटीत असतं. कनेक्शनच्या बॅगा सात मिनिटांत येतायत हे बॅगेज विभागाला माहीत होतं, रॅम्पवरच्या माणसाला नव्हतं. याला कोड नाही. साउथवेस्टने नव्वदच्या दशकात 'टीम डिले' ही वेगळी नोंद वापरली: उशीर दोन-तीन गटांच्या समन्वयातून झाला असेल तर तो सगळ्यांचा, एकावर ढकलायचा नाही. म्हणजे चर्चा 'कोणी केलं' वरून 'पुढच्या वेळी कोणी कोणाला कधी सांगायचं' इकडे वळते. त्या काळात ते प्रत्येक उड्डाणाला एक ऑपरेशन्स एजंट, म्हणजे सगळ्या गटांची कामं जुळवणारा माणूस, देत. इतर कंपन्यांत एकच एजंट एकाच वेळी अनेक उड्डाणं संगणकावर सांभाळत असे. शिवाय साधारण दहा-बारा कर्मचाऱ्यांमागे एक सुपरवायझर. कागदावर हा खर्च जास्त दिसतो. पण तो सुपरवायझर स्वतः बॅगा उचलू शकतो, नव्याला शिकवू शकतो. तीस-चाळीस माणसांवर एक असला की तो फक्त हजेरी आणि कोड बघतो.

एक सूचना, कोणत्याही कंपनीला लागू पडेल अशी. ९३ या कोडला स्वतंत्र कारण मानू नका. सकाळच्या पहिल्या सेक्टरला काय झालं तिथपर्यंत साखळी मागे न्या. दिवसभरातले सहा ९३ म्हणजे सकाळी पावणेसहाला न आलेली एक पायऱ्यांची गाडी, असं बऱ्याचदा निघतं.

---

नवखा_प्रवासी

म्हणजे पहिलं विमान वेळेवर निघणं एवढं महत्त्वाचं असतं?

---

लोडशीट

हो. म्हणून अनेक कंपन्या पहिल्या उड्डाणांचा आकडा वेगळा मोजतात. त्या उड्डाणाला आधीच्या सेक्टरची सबब नसते. तिथे उशीर झाला तर तो बहुधा तुमच्याच घरातला.

---

चेकलिस्ट

कॉकपिटच्या बाजूने लिहितो.

२७ मार्च १९७७, स्पेनचं तेनेरिफे बेट, केएलएम आणि पॅनअॅम या कंपन्यांचे दोन जंबो धावपट्टीवर आदळले, ५८३ मृत्यू. केएलएमच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने 'पॅनअॅम धावपट्टीवरून बाहेर पडलं नाही का?' अशा अर्थाची शंका काढली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती झटकली आणि विषय तिथेच संपला. २८ डिसेंबर १९७८, पोर्टलंड, युनायटेड १७३: चाकांच्या बिघाडात कॅप्टन गुंतला, इंधन संपत चाललंय हे इतर दोघांना दिसत होतं, पण ठामपणे कोणी बोललं नाही. चारही इंजिनं बंद पडली, १० जण गेले. यातून नासाची १९७९ ची कार्यशाळा झाली आणि १९८१ मध्ये युनायटेडने ज्याला आज आपण सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे कॉकपिटमधल्या सगळ्यांनी बोलून एकत्र काम करणं) म्हणतो ते प्रशिक्षण सुरू केलं.

सीआरएमचा गाभा म्हणजे बोलण्याच्या पायऱ्या. पहिली, विचारा: 'कॅप्टन, वेग थोडा जास्त वाटतोय का?' दुसरी, सावध करा: 'वेग २० नॉट जास्त आहे.' तिसरी, आव्हान द्या: 'अप्रोच स्थिर नाही, गो-अराउंड करूया.' (अप्रोच म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं, गो-अराउंड म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं.) चौथी, ताबा घ्या. बऱ्याच कंपन्यांत लेखी नियम आहे की दोनदा सांगूनही योग्य प्रतिसाद आला नाही तर दुसऱ्या पायलटने ताबा घ्यायचा. नियम सगळीकडे सारखाच लिहिलेला असतो. कंपनीची संस्कृती ठरवते ती पुढची गोष्ट: ताबा घेणाऱ्या फर्स्ट ऑफिसरचं दुसऱ्या दिवशी काय होतं?

हे मोजता येतं. अप्रोच ठरावीक उंचीला, ढगात असाल तर सहसा १,००० फुटांना, स्थिर नसेल तर गो-अराउंड करायचा, हे प्रत्येक मॅन्युअलमध्ये आहे. पण फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात अस्थिर अप्रोचपैकी जेमतेम ३ टक्के वेळा गो-अराउंड झाल्याचं दिसलं. उरलेले ९७ टक्के उतरले. कारणं साधी आहेत: जास्तीचं इंधन जाळल्याचा जाब, उशीर, मागे बसलेल्यांसमोर चूक कबूल केल्यासारखं वाटणं. ज्या कंपनीत गो-अराउंडनंतर स्पष्टीकरण मागवणारा मेल येतो तिथे हा ३ टक्क्यांचा आकडा वाढणार नाही, कितीही पोस्टर लावा. तांत्रिक नोंद जरूर घ्यावी, पण 'का केलास' असा सूर एकदा लागला की तो वर्षभर पुरतो.

---

नभांगण

इथे कोरियन एअरचं उदाहरण यायलाच हवं. कोरियन समाजात वरिष्ठांना उलट बोलत नाहीत, म्हणून अपघात झाले, असंच सगळीकडे वाचायला मिळतं.

---

चेकलिस्ट

ते अर्धवट आहे, आणि माझ्या मते त्यातून चुकीचा धडा घेतला जातो.

घटना खऱ्या आहेत. ऑगस्ट १९९७ मध्ये ग्वामला उड्डाण ८०१ पडलं, २२८ मृत्यू. डिसेंबर १९९९ मध्ये लंडनच्या स्टॅनस्टेडहून निघालेलं ७४७ मालवाहू विमान मिनिटभरात कोसळलं. कॅप्टनच्या बाजूचं, विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. फर्स्ट ऑफिसरच्या बाजूचं नीट होतं. इंजिनिअरने कलाबद्दल ओरडून सांगितलं, फर्स्ट ऑफिसर गप्प राहिला.

पण कोरियन समाज २००० साली बदलला नाही, कंपनी बदलली. डेल्टा या अमेरिकी कंपनीने १९९९ मध्ये कोडशेअर (एकमेकांच्या उड्डाणांची तिकिटं विकण्याचा करार) थांबवलं, तेव्हा दुखणं पैशापर्यंत पोहोचलं. डेल्टातून आलेल्या डेव्हिड ग्रीनबर्ग यांच्याकडे फ्लाइट ऑपरेशन्स दिलं. बढती ओळखीवर आणि लष्करातल्या ज्येष्ठतेवर न देता कौशल्यावर द्यायला सुरुवात झाली, प्रशिक्षण आणि तपासणी बाहेरच्या तज्ज्ञांच्या हाती गेली. त्यानंतर त्या कंपनीत प्रवाशाचा जीव घेणारा अपघात झालेला नाही. माणसं बहुतांशी तीच, देश तोच. बढती कोण देतो आणि कशावर देतो, हे बदललं की कॉकपिटमधला आवाज बदलतो.

---

हँगरमधली

चेकलिस्ट यांच्याशी पूर्ण सहमत. हँगरमध्येही हेच, फक्त तिथे परिणाम दिसायला महिने-वर्षं लागतात, म्हणून धोका मोठा.

३१ जानेवारी २००० चं अलास्का एअरलाइन्स २६१ बघा. एमडी-८३, ८८ मृत्यू. शेपटीवरचा आडवा पंख हलवणारा जॅकस्क्रू ग्रीसअभावी झिजला, नटचे आटे गेले आणि विमानावरचा ताबा सुटला. कंपनीने ग्रीस करण्याचं अंतर टप्प्याटप्प्याने वाढवत ८ महिन्यांवर, म्हणजे सुमारे २,५५० उड्डाणतासांवर नेलं होतं, आणि नियामकाने मंजुरीही दिली होती. प्रत्येक वाढ एकेकटी पाहिली तर कागदावर समर्थनीय वाटते. मुदतवाढ मागणाऱ्या खात्याला 'वाढवल्यावर झीज मोजून दाखवा' असं म्हणणारं दुसरं खातं तितकंच बळकट असावं लागतं.

रोजच्या कामात संस्कृती कुठे दिसते ते सांगते. शिफ्ट संपताना हत्यारांचा फळा बघा, जिथे प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. एक टॉर्क रेंच जागेवर नाही. विमान अर्ध्या तासात निघायचं आहे. चांगल्या हँगरमध्ये विमान सुटत नाही, पॅनल पुन्हा उघडतात, आणि 'माझ्याकडून राहिला असेल' असं सांगणाऱ्याला कोणी टोचून बोलत नाही. वाईट हँगरमध्ये दुसऱ्या पेटीतला रेंच त्या जागी लटकवला जातो.

तसंच एमईएलचं, म्हणजे कोणत्या बिघाडासह उडता येतं त्या यादीचं. काही बिघाड असतानाही ठरावीक मुदतीपर्यंत उडायला परवानगी असते: बी वर्गाला ३ दिवस, सी ला १० दिवस, डी ला १२०. ही सोय सुट्टा भाग येईपर्यंतची आहे. एखाद्या ताफ्यात सी वर्गाच्या नोंदी नियमितपणे नवव्या-दहाव्या दिवशीच बंद होत असतील, किंवा मुदतवाढीचे अर्ज वाढत असतील, तर समजावं की सुटे भाग किंवा माणसं कमी आहेत आणि हे वर सांगायची कोणाची हिंमत नाही.

आणि चुकांचे रिपोर्ट. अमेरिकेत १९७६ पासून नासा चालवत असलेल्या योजनेत, हेतुपुरस्सर नसलेली चूक १० दिवसांत कळवली तर दंडातून सूट मिळते. युरोपात २०१४ च्या कायद्याने ठरावीक प्रकारच्या घटना ७२ तासांत कळवणं सक्तीचं आहे आणि कळवणाऱ्याला संरक्षणही आहे. कंपनीच्या आत मात्र कसोटी एकच लावावी: तेवढ्याच कौशल्याचा दुसरा माणूस त्याच जागी, त्याच वेळी, त्याच कागदपत्रांसह असता तर त्यानेही हेच केलं असतं का? उत्तर हो असेल तर माणसाला शिक्षा करून काही साधत नाही, कामाच्या सूचनांचं कार्ड बदला, दिवे बदला, शिफ्टची वेळ बदला. जाणूनबुजून धोका पत्करला असेल किंवा न केलेल्या कामावर सही केली असेल, तर शिक्षा व्हायलाच हवी. ती न झाल्यास प्रामाणिक मेकॅनिकचा विश्वास उडतो. 'कोणालाच काही बोलायचं नाही' अशी ढिलाई म्हणजे न्याय्य संस्कृती असा गैरसमज बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

---

आकडेमोड

पैशाची बाजू मी घेतो. सगळ्यात स्वच्छ उदाहरण कॉन्टिनेंटल या अमेरिकी कंपनीचं.

१९८३ आणि १९९० अशा दोन दिवाळखोऱ्या, वक्तशीरपणात मोठ्या अमेरिकी कंपन्यांत तळाला. १९९४ मध्ये गॉर्डन बेथ्यून प्रमुख म्हणून आले. फेब्रुवारी १९९५ पासून जाहीर केलं: वक्तशीरपणाच्या सरकारी क्रमवारीत महिन्याला पहिल्या पाचांत आलो तर प्रत्येक कर्मचाऱ्याला ६५ डॉलर. सुमारे ४०,००० माणसं, म्हणजे महिन्याला साधारण २६ लाख डॉलर. उशिरांमुळे प्रवाशांना दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांत बसवणं, हॉटेल, जेवण यावर त्याच्या जवळपास दुप्पट खर्च होत होता. म्हणजे बक्षीस बचतीतूनच निघालं.

यातले तीन बारकावे महत्त्वाचे आहेत. रक्कम सगळ्यांना सारखी, लोडरला आणि पायलटला तेवढीच. ती पगारात मिसळली नाही, वेगळ्या चेकने दिली, त्यामुळे ती कशासाठी मिळाली हे घरी सगळ्यांना कळलं. आणि मोजमाप बाहेरच्या संस्थेचं, कंपनीच्या हातचं नाही. जोडीला बंधनांनी भरलेल्या जाड नियमपुस्तकाच्या प्रती कर्मचाऱ्यांसमोर पार्किंगमध्ये जाळल्या आणि 'कंपनीच्या आणि प्रवाशाच्या भल्याचं असेल ते करा' अशी मार्गदर्शक तत्त्वं आणली. सुरक्षेचे नियम अर्थातच त्यात नव्हते.

अशा बक्षिसाचा धोकाही लिहून ठेवतो. वक्तशीरपणावर पैसे लावले की वेळापत्रकात उड्डाणाचा वेळ फुगवणं सगळ्यात सोपं. ७५ मिनिटांचं उड्डाण ९० मिनिटांचं दाखवलं की सगळी विमानं 'वेळेवर', पण विमानाचा दिवस वाया. दुसरं, कनेक्शनचे बारा प्रवासी धावत येत असताना दार बंद करून मोकळं होणं. म्हणून वक्तशीरपणाच्या आकड्याशेजारी चुकलेली कनेक्शनं आणि मागे राहिलेल्या बॅगा यांचे आकडे ठेवावेच लागतात.

---

नभांगण

जपान एअरलाइन्सचं काय? इनामोरींनी ती संस्कृतीच्या जोरावर उभी केली असं म्हणतात.

---

आकडेमोड

श्रेय आहे, पण वाटून द्यायला हवं. जानेवारी २०१० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. बँकांनी कर्ज सोडलं, सरकारी निधीने ३५० अब्ज येन भांडवल घातलं, सुमारे १६,००० नोकऱ्या गेल्या, इंधनखाऊ ७४७ काढून टाकली, तोट्याचे मार्ग बंद केले. हे झालं नसतं तर कोणतंही तत्त्वज्ञान पुरलं नसतं.

तेव्हा अध्यक्ष म्हणून आलेल्या काझुओ इनामोरी यांनी, विमानधंद्याचा अनुभव नसताना आणि पगार न घेता, जे केलं ते वेगळं होतं. आधी वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच वर्गात बसवलं. मग कंपनीचे छोटे हिशोबी गट पाडले. पूर्वी मार्गाचा नफा-तोटा कळायला महिने लागत, आता उड्डाणनिहाय आकडे दुसऱ्या दिवशी दिसू लागले. आपण वापरतो त्या वस्तूची किंमत किती हे मेकॅनिकला कळलं, की बचतीची सूचना त्याच्याकडूनच येते. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली. आकडे खालपर्यंत उघडे करणं हा मला त्यातला सगळ्यात उचलण्याजोगा भाग वाटतो.

---

केबिनक्रू_प्रशिक्षक

त्याच कंपनीची दुसरी बाजू. १९८५ च्या अपघातात त्यांचे ५२० जण गेले. २००६ मध्ये त्यांनी टोकियोच्या हानेदा विमानतळाजवळ एक केंद्र उघडलं, तिथे त्या विमानाचे अवशेष ठेवले आहेत आणि कर्मचाऱ्यांना ते दाखवले जातात. २ जानेवारी २०२४ ला हानेदाला उतरताना त्यांचं ए३५० तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. ए३५० मधले सर्व ३७९ जण बाहेर पडले. दुसऱ्या विमानातले सहापैकी पाच दुर्दैवाने वाचले नाहीत.

त्या १८ मिनिटांत काय घडलं ते प्रशिक्षणाच्या नजरेने बघा. केबिनची ध्वनियंत्रणा बंद पडली, क्रूने मेगाफोन आणि नुसता आवाज वापरला. आठ दारांपैकी तीनच वापरता आली. बाहेर आग आहे का हे खिडकीतून बघून कोणतं दार उघडायचं आणि कोणतं नाही, हा निर्णय त्या त्या दाराजवळच्या क्रूने घेतला. मागच्या दाराशी कॉकपिटचा संपर्कच नव्हता, तिथल्या क्रूने हुकमाची वाट न पाहता दार उघडलं. एरवी 'आधी विचारा' असं शिकवणाऱ्या कंपनीत हे त्या क्षणी अचानक जमत नाही. रोजच्या छोट्या निर्णयांत, म्हणजे आजारी प्रवाशाला जागा बदलून देणं किंवा सेवा थांबवणं, क्रूला किती मोकळीक आहे यावर ते अवलंबून असतं.

उलट टोक म्हणजे एप्रिल २०१७ ची शिकागोतली घटना, जिथे युनायटेडच्या विमानातून तिकीटधारक प्रवाशाला ओढून काढलं. चार कर्मचाऱ्यांना जागा हवी होती. गेटवर ठरलेल्या रकमेपुढे बोलण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता, नियमाची पुढची पायरी 'सुरक्षारक्षकांना बोलवा' अशी होती आणि प्रत्येकाने आपापली पायरी पाळली. नंतर कंपनीने भरपाईची मर्यादा १०,००० डॉलरपर्यंत नेली आणि बसलेल्या प्रवाशाला अशा कारणासाठी उठवणं बंद केलं.

---

नवखा_प्रवासी

साउथवेस्टचं इतकं कौतुक चाललंय, पण डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचंच सगळं कोसळलं ना?

---

उत्तरवारा

रास्त प्रश्न, आणि हा भाग टाळून चालणार नाही.

हिवाळी वादळ सगळ्यांना लागलं. इतर कंपन्या दोन-तीन दिवसांत सावरल्या, साउथवेस्टने सुमारे १६,७०० उड्डाणं रद्द केली. त्यांचं जाळं हबवर, म्हणजे एखाद्या मोठ्या मध्यवर्ती विमानतळावर, आधारलेलं नव्हतं, क्रू शहराशहरांत विखुरलेला होता. कोण कुठे आहे हे प्रणालीला कळेना, बदल हाताने करावे लागले, आणि क्रूला आपला ठावठिकाणा सांगायला फोनवर तासन्‌तास थांबावं लागलं. क्रू शेड्युलिंगची यंत्रणा कमकुवत असल्याचं कर्मचारी संघटना आधीपासून सांगत होत्या. २०२३ मध्ये अमेरिकी परिवहन विभागाने १४ कोटी डॉलरचा दंड लावला.

माझं वाचन असं: रॅम्पवरची माणसं एकमेकांसाठी धावून जात होती, म्हणून यंत्रणेची पोकळी वर्षानुवर्षं झाकली गेली. चांगली माणसं वाईट सॉफ्टवेअरला पाठीवर वाहून नेतात, आणि वरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. संस्कृतीचा एक भाग मजबूत होता, दुसरा म्हणजे खालून आलेला इशारा खर्चाच्या निर्णयापर्यंत पोहोचवणं, तो लंगडा होता. १९७३ ते २०१९ सलग ४७ वर्षं नफा झाला की इशारे ऐकणं आणखी अवघड होत असावं. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी इतिहासातली पहिली मोठी कर्मचारीकपात केली, कार्यालयातल्या सुमारे १,७५० जागा. 'इथे नोकरी जात नाही' हा विश्वास त्या कंपनीत कामाचं इंधन होता, त्याचा परिणाम गेटवर कसा उमटतो ते बघण्यासारखं असेल.

---

लोडशीट

डिसेंबर २०२५ मधली इंडिगोची कोंडी याच जातीची. बहुतेक एकाच कुटुंबातली विमानं, कमीत कमी मोकळी माणसं, वक्तशीरपणाचा ध्यास, हे त्यांचं बळ. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम आले: आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंग सहावरून दोन. तारखा आधीपासून माहीत होत्या. रोस्टर (क्रूच्या ड्युट्यांचं वेळापत्रक) मात्र ताणलेलंच राहिलं आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. नंतर सरकारने वेळापत्रकात १० टक्के कपात केली. काटकसरीची सवय स्टँडबाय क्रूलाही 'वाया जाणारा खर्च' समजू लागते तेव्हा असं होतं.

---

हँगरमधली

विलीनीकरणाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. ताफा एका रंगात रंगवायला काही महिने लागतात, ज्येष्ठता यादी एक करायला वर्षं. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एकत्र आल्या. पायलटांच्या ज्येष्ठतेचा वाद २०१३ मध्ये अमेरिकनशी विलीनीकरण झालं तरी मिटला नव्हता. युनायटेड-कॉन्टिनेंटल २०१० चं, पण दोन्हीकडचा केबिन क्रू एकाच विमानात काम करू लागला २०१८ मध्ये. ज्येष्ठतेवर माणसाचा तळ, सुट्ट्या, विमान आणि पगार ठरतो. तो प्रश्न आधी सोडवल्याशिवाय एकीची शिबिरं घेऊन फरक पडत नाही.

---

नवखा_प्रवासी

शेवटचा प्रश्न. नोकरीसाठी कंपनी निवडणाऱ्याने बाहेरून ही संस्कृती ओळखायची कशी?

---

चेकलिस्ट

मुलाखतीत तुम्हीही विचारू शकता. सगळ्यात उपयोगी प्रश्न थकव्याचा: 'थकलोय, उडू शकत नाही असं पायलटने कळवलं तर ते कोणत्या रकान्यात जातं?' थकवा म्हणून वेगळी नोंद होते, रोस्टर बनवणाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं आणि निष्कर्ष पायलटला परत कळवतात, तर कंपनी चांगली. आजारपणाच्या रजेतून कापून घेत असतील तर पायलट कळवणं थांबवतात आणि थकवा कागदावरून गायब होतो.

दुसरं, चुकांच्या रिपोर्टची संख्या. ती वर्षागणिक घटतेय म्हणून एखादा व्यवस्थापक अभिमानाने सांगत असेल तर पुढे विचारा की गंभीर घटनाही त्याच प्रमाणात घटल्या का. उड्डाणं वाढतायत, गंभीर घटना तेवढ्याच आहेत आणि रिपोर्ट निम्मे झालेत, याचा अर्थ लोक गप्प झालेत.

---

लोडशीट

ग्राउंडच्या नोकरीसाठी माझी भर: ड्युटी मॅनेजर कोणाला न विचारता किती खर्च करू शकतो ते विचारा. रात्री दीड वाजता १८० प्रवाशांना हॉटेल द्यायचं असेल आणि त्यासाठी मुख्यालयातल्या झोपलेल्या माणसाची सही लागत असेल, तर शिव्या काउंटरवरच्या तुम्हालाच खाव्या लागणार आहेत.